दोन लिटर आणि दोन वेशी

दिल्लीच्या दक्षिण भागात रामकृष्णपुरम नावाची सरकारी नोकरांची एक मोठी वसाहत आहे. लोक तिला आर. के. पुरम म्हणतात. सेक्टर आणि ब्लॉक ह्यांच्या आकड्यांनीच येथे घरे ओळखली जातात आणि घराघरांतून कोणत्या ना कोणत्या मंत्रालयाचे नियम जाणणारा माणूस राहतो. अशा ठिकाणी नियमांविषयी कोणाचा गैरसमज होणार नाही, अशी आपली कल्पना होईल. पण दुसऱ्यासाठी नियम लिहिणे वेगळे आणि प्रवासाला निघताना तेच नियम स्वतःस लावणे वेगळे.

गेल्या वर्षी आमचे एक शेजारी एका संध्याकाळी मजकडे आले. आम्ही त्यांना नाना म्हणतो. नाना मूळचे वर्ध्याचे, नोकरीतून निवृत्त व्हायला त्यांना दोन वर्षे राहिलेली. ते पत्नीसह आणि बावीस वर्षांच्या मुलासह सिंगापूरला जाऊन तेथून पाच दिवसांची आगबोटीची सहल करणार होते. अशा पर्यटन-नौकेला हल्ली सर्वत्र क्रूझ म्हणतात. "अहो," नाना म्हणाले, "माणशी दोन लिटर आणता येते ना? म्हणजे आम्हां तिघांचे सहा लिटर झाले. आमच्या दादांची यंदा एकसष्टी आहे. कस्टम्समधून सुटलेली एक चांगली बाटली वर्ध्याला नेईन म्हणतो. एकदा कस्टम्सने सोडली की मग कोण विचारणार?"

नानांच्या ह्या पाच वाक्यांत दोन लिटरचा आकडा तेवढा बरोबर होता. बाकीचे सारे चुकीचे, आणि शेवटचे वाक्य तर धोक्याचे होते. आज त्याच वाक्यासंबंधी मला बोलावयाचे आहे.

प्रथम सीमाशुल्काची वेस पाहू. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याने परदेशातून येणाऱ्या प्रवाशाच्या खऱ्याखुऱ्या सामानाला सवलत दिली आहे. खरेखुरे सामान म्हणजे प्रवाशाच्या स्वतःच्या किंवा कुटुंबाच्या उपयोगाचे, अथवा भेट म्हणून द्यावयाचे. विक्रीचा माल त्यात बसत नाही. ह्या कायद्याखाली झालेल्या २०१६ च्या सामानविषयक नियमांत प्रत्येक प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य बिनशुल्क आणण्याची मुभा दिली गेली. दारू, वाइन, बिअर हे सारे त्या दोन लिटरांतच मोजावयाचे. प्रत्येकाचे दोन दोन लिटर नव्हेत.

येथे तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. पहिली गोष्ट मापाची. परदेशांत बाटल्या एक लिटरच्या मिळतात, तशा पाऊण लिटरच्याही मिळतात. पाऊण लिटरच्या तीन बाटल्या घेतल्या की सव्वादोन लिटर होतात आणि मर्यादा पाव लिटरने ओलांडली जाते. दुसरी गोष्ट किमतीची. हे दोन लिटर सवलतीच्या एकूण रकमेबाहेरचे नसतात. बिनशुल्क सामानासाठी किमतीची एक मर्यादा असते. २०१६ च्या नियमांत भारतीय रहिवाशासाठी ती साधारणपणे ५०,००० रुपये होती. ही रक्कम सरकार वेळोवेळी बदलते, म्हणून निघण्यापूर्वी चालू आकडा पाहून घ्यावा. पण बाटलीची किंमत ह्याच रकमेत धरली जाते, हे विसरू नये. तिसरी गोष्ट वाट्याची. एका प्रवाशाची न वापरलेली सवलत दुसऱ्याच्या खात्यावर जमा करता येत नाही, असे नियमांत स्पष्ट सांगितले आहे. पतीने तीन लिटर आणि पत्नीने एक लिटर आणले, तर दोघांचे मिळून चार लिटर होतात खरे. पण पतीचे एक लिटर जास्तच धरावे लागते. मुलाचा वाटा तर मी नानांना सोडूनच द्यायला सांगितला. दिल्लीच्या अबकारी कायद्याप्रमाणे पंचवीस वर्षांखालील व्यक्तीस मद्य विकता येत नाही. ज्या मुलाला दिल्लीतील दुकानदार बाटली देणार नाही, त्याच्या नावावर बाटल्या आणून दिल्लीच्या विमानतळावर उतरणे शहाणपणाचे नव्हे.

मर्यादेपेक्षा जास्त आणले तर काय होते? जास्त आणणे हा आपोआप गुन्हा होत नाही. लपविणे हा गुन्हा होतो. विमानतळावर किंवा बंदरावर हिरवी आणि लाल अशा दोन वाटा असतात. ज्याच्याजवळ शुल्क भरण्याजोगे काही नाही त्याने हिरव्या वाटेने जावे. ज्याच्याजवळ आहे त्याने लाल वाटेने जाऊन तसे सांगावे. सामानाची घोषणा करण्याची जबाबदारी कायद्याच्या ७७ व्या कलमाने सामानाच्या मालकावर टाकली आहे. तेव्हा "मला कोणी विचारलेच नाही" हा बचाव टिकत नाही. जास्तीच्या मद्यावर सामानाचा सर्वसाधारण दर लागत नाही, मद्याचा जबर दर लागतो. परदेशी व्हिस्कीवरील आयातशुल्क कित्येक वर्षे दीडशे टक्के होते. त्या हिशेबाने तीन हजारांच्या जास्तीच्या बाटलीवर साडेचार हजार शुल्क होते. पण ते भरून बाटली सुटते. तीच बाटली हिरव्या वाटेने नेताना सापडली तर ती जप्त होऊ शकते, सोडविण्यासाठी दंड भरावा लागतो आणि प्रवाशावर वेगळा दंडही बसू शकतो.

आमच्या आर. के. पुरममध्येच वेस्ट ब्लॉकच्या इमारतींत सीमाशुल्काच्या अपिलांचे न्यायाधिकरण वर्षानुवर्षे बसत आले आहे. नानांना वाटले, काही झालेच तर चालत जाऊन दाद मागता येईल. पण प्रवाशाच्या सामानाचे अपील ह्या न्यायाधिकरणापुढे चालत नाही. कायद्याच्या १२९ अ ह्या कलमानेच ते वगळले आहे. प्रथम आयुक्तांकडे अपील आणि मग केंद्र सरकारकडे फेरतपासणीचा अर्ज, असा त्याचा मार्ग आहे. एका बाटलीपायी एवढी वाट चालण्यापेक्षा लाल पाटीकडे वीस पावले चालणे सोपे.

आगबोटीच्या प्रवासात आणखी एक खोच आहे. सवलत आगबोटीत बसल्यामुळे मिळत नाही, ती परदेशातून परत आल्यामुळे मिळते. मुंबईहून गोव्याला, कोचीला किंवा लक्षद्वीपला जाऊन परतणारी नौका समुद्रात गेली तरी तिचा प्रवासी देशाबाहेर गेलेला नसतो. त्याला दोन लिटरांची सवलत लागू होत नाही. कोलंबोस किंवा सिंगापूरला जाऊन आलेल्या प्रवाशाची गोष्ट निराळी. शिवाय वाटेत प्रत्येक बंदराची आपली वेस असते. नानांची नौका सिंगापूरलाच संपणार होती, म्हणून सिंगापूरचा नियम त्यांना आधी लागणार होता. तेथे सवलत मिळण्यासाठी प्रवासी अठरा वर्षांचा असावा लागतो, निदान ४८ तास सिंगापूरबाहेर असावा लागतो, आणि मलेशियातून आलेला चालत नाही. नौकेचा शेवटचा मुक्काम पेनांग असला तर बोटीवर घेतलेली बाटली सिंगापूरच्या वेशीवरच शुल्काला पात्र ठरते. नानांनी वेळापत्रक काढून पाहिले. शेवटचा मुक्काम पेनांगचाच होता! तेव्हा बाटली बोटीवर न घेता परतीच्या वेळी विमानतळावर घ्यावी, असे ठरले.

आता दुसऱ्या वेशीकडे वळू. आपल्या राज्यघटनेने कामांची वाटणी केली आहे. देशाच्या सीमेवरून माल आणणे-नेणे आणि त्यावरील शुल्क हा केंद्राचा विषय. मद्य तयार करणे, बाळगणे, वाहून नेणे, विकणे आणि विकत घेणे हा राज्याचा विषय. केंद्राचा अधिकारी बाटली देशात येऊ देतो. ती घरात ठेवता येईल की नाही, हे राज्य ठरविते.

हा प्रश्न मुंबईतच फार पूर्वी उभा राहिला होता. मुंबई सरकारने १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला. त्याविरुद्ध एफ. एन. बाल्सारा ह्या गृहस्थांनी मुंबईच्या उच्च न्यायालयात धाव घेतली. व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बिअर, इतकेच नव्हे तर ओ-द-कोलोन आणि मद्यार्क असलेली औषधेसुद्धा बाळगण्याचा, वापरण्याचा आणि सीमेवरून आणण्याचा आपला हक्क आहे, असे त्यांचे म्हणणे होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २५ मे १९५१ रोजी निकाल लागला. न्यायमूर्ती फझल अली ह्यांनी तो लिहिला. युक्तिवाद असा होता की, आयात हा केंद्राचा विषय आहे, आणि आणलेली वस्तू बाळगताच येत नसेल तर आयातीला अर्थ काय? न्यायालयाने तो मानला नाही. आयात म्हणजे वस्तू देशात आणणे. आणल्यानंतर ती बाळगणे किंवा विकणे ह्याचा समावेश त्या शब्दात होत नाही, आणि मद्य बाळगण्याविषयी कायदा करण्याचा अधिकार प्रांताचाच आहे, असे ठरले. औषधे आणि सुगंधी पदार्थ बाळगण्यावरील बंदी मात्र न्यायालयाने रद्द केली. अशा रीतीने ओ-द-कोलोनची बाटली सुटली आणि व्हिस्कीची अडकली.

नानांच्या "एकदा कस्टम्सने सोडली की मग कोण विचारणार?" ह्या प्रश्नाचे उत्तर ह्या निकालात आहे. विचारणार राज्य, आणि प्रत्येक राज्य आपल्या परीने विचारणार. महाराष्ट्रात १९४९ चाच कायदा अनेक फेरफारांसह चालू आहे. तेथे मद्य बाळगण्यास आणि पिण्यास परवाना लागतो, हे मुंबई-पुण्यातील पुष्कळांना ठाऊकही नसते. कडक मद्यासाठी वयाची अट तेथे पंचवीस वर्षांची आहे. गुजरात राज्य १९६० साली वेगळे झाले तेव्हा त्याने दारूबंदी कायम ठेवली. बिहारात ती २०१६ पासून आहे. अहमदाबादच्या किंवा पाटण्याच्या आप्तांकडे जाणाऱ्याने दोन लिटरांच्या सवलतीवर विसंबून राहू नये. आमच्या राजधानीच्या परिसरात तर दिल्ली, हरियाणा आणि उत्तर प्रदेश ह्यांच्या वेशी रस्त्यांच्या वळणावर येतात. गुडगावहून दिल्लीत येताना एका सीलबंद बाटलीपेक्षा अधिक आणणे नियमाबाहेर जाते. मेट्रोत बसलेल्या माणसाला वेस ओलांडल्याचे कळतही नाही, पण कायद्याला कळते.

कोकणातील श्रोत्यांना हे वेगळे सांगायला नको. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्याची सीमा ही परदेशाची सीमा होती आणि कॅसलरॉक स्थानकावर जकातीची तपासणी होत असे. गोवा मुक्त झाला आणि ती जकातीची वेस गेली. अबकारीची वेस मात्र राहिली. "केवळ गोव्यात विक्रीसाठी" असे छापलेली बाटली बांद्याच्या नाक्यावर आजही अडते, कारण तिच्यावर महाराष्ट्राचे उत्पादन शुल्क भरलेले नसते.

मग वर्ध्याचे काय? सेवाग्राम ज्या जिल्ह्यात आहे त्या वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे. गडचिरोलीत ती १९९३ पासून आहे. चंद्रपूरला २०१५ मध्ये लागू झाली आणि २०२१ मध्ये उठली. दिल्लीहून आगगाडीने वर्ध्याला जाताना हरियाणा, उत्तर प्रदेश, राजस्थान आणि मध्य प्रदेश ओलांडून महाराष्ट्रात शिरावे लागते. म्हणजे अबकारीचे पाच कायदे पार करून बाटली शेवटी दारूबंदीच्या जिल्ह्यात उतरायची. सिंगापूरची पावती तेथील फौजदाराला दाखवून उपयोग नाही. ती पावती सीमाशुल्काच्या अधिकाऱ्यासाठी असते.

शिवाय नाना सरकारी नोकर. केंद्र सरकारच्या नोकरांसाठी १९६४ साली वर्तणुकीचे जे नियम झाले, त्यांतील बावीसाव्या नियमात असे सांगितले आहे की, सरकारी नोकर ज्या प्रदेशात असेल त्या प्रदेशातील मद्यविषयक कायदा त्याने काटेकोरपणे पाळला पाहिजे. "ज्या प्रदेशात असेल त्या प्रदेशातील" हे शब्द महत्त्वाचे आहेत. दिल्लीत जे निर्दोष ते वर्ध्यात गैरवर्तन ठरू शकते. इतरांचे जे दंडावर भागते, ते सरकारी नोकराच्या बाबतीत खात्याच्या चौकशीपर्यंत जाते, आणि निवृत्तीच्या उंबरठ्यावर चौकशी लागली की निवृत्तिवेतनाचे कागद अडतात. तीस वर्षांची स्वच्छ नोकरी आणि एक लिटरची बाटली ह्यांचा ताळेबंद मी नानांसमोर मांडला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दादांनाही हे आवडले नसते."

परदेशातून बाटली आणू इच्छिणाऱ्याने तीन प्रश्न स्वतःस विचारावेत. मी खरोखर देशाबाहेरून येत आहे काय? माझ्या स्वतःच्या वाट्याचे माप आणि किंमत मर्यादेत आहे काय, आणि नसेल तर मी तसे सांगणार आहे काय? आणि ही बाटली शेवटी ज्या गावी उघडली जाणार, तेथील कायदा तिला जागा देतो काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सीमाशुल्काच्या नियमांत सापडतील. तिसऱ्याचे उत्तर त्या त्या राज्याच्या उत्पादन शुल्क खात्याकडे मिळते, आणि बहुतेक लोक फसतात ते ह्या तिसऱ्या प्रश्नावर.

नाना सहलीहून आले तेव्हा त्यांच्याजवळ एक लिटरची एकच बाटली होती. ती त्यांच्या दिल्लीच्या घरातच राहिली. दादांसाठी त्यांनी सिंगापूरहून एक मोठी काळी छत्री आणली. एकसष्टीच्या दिवशी वर्ध्याला पाऊस होता, आणि दादा ती छत्री उघडून सर्वांना दाखवीत होते, असे नानांनी मला सांगितले.