ठरले श्रीखंड, वाढले गुलाबजाम

तुळशीचे लग्न लागले की गावोगाव सोयरिकीची बोलणी सुरू होतात. शेतकरी बंधू-भगिनींनो, खरिपाचा माल घरात आलेला असतो, सोयाबीन-कापसाचे थोडेफार पैसे हाती असतात, रब्बीची पेरणी उरकलेली असते. मुलगी पसंत पडते, सुपारी फुटते आणि दोन्हीकडची चार शहाणी माणसे सतरंजीवर बसून याद करतात. मांडवाचा खर्च कोणाचा, वऱ्हाडाच्या गाड्यांचे भाडे कोणाकडे, वाजंत्री कोणी सांगायची, सारे कागदावर उतरते आणि खाली सह्या होतात. ज्यांच्याशी जन्माचे नाते जुळणार, त्यांच्याशी आपण कागद करतो. आणि ज्या मंगल कार्यालयवाल्याची आपली ओळख अर्ध्या तासाची, त्याच्या हातावर मात्र वीस-पंचवीस हजारांचा विसार ठेवून "तुमचा शब्द आहे ना, मग झाले" असे म्हणून उठतो.

पूर्वी मांडव दारात पडे. भावकीतल्या बाया आठ दिवस आधी गहू निवडायला येत, आचारी ओळखीचा असे आणि भाजी कमी पडली तर शेजारच्या मळ्यातून टोपली येई. आता लग्ने तालुक्याच्या कार्यालयात लागतात. मी त्याला नावे ठेवत नाही. वैशाखात विहिरीने तळ गाठलेला असताना सहाशे माणसांचे पाणी दारात कोठून आणायचे? घरच्या बायकांनाही लग्नाच्या दिवशी चुलीपुढे न राबता अक्षता टाकायला मिळतात, हे चांगलेच झाले. पण दारच्या मांडवात आपण यजमान असतो आणि कार्यालयात गिऱ्हाईक. गिऱ्हाइकाने गिऱ्हाइकासारखेच वागले पाहिजे.

कार्यालयाची बोलणी साधारण दोन तऱ्हेची असतात. एक, जागा, स्वयंपाकघर, भांडी आणि पाणी त्यांचे. आचारी आणि शिधा आपला. दुसरी, ताटाप्रमाणे ठेका. इतके पदार्थ, इतका दर, कमीत कमी इतकी ताटे. दोन्हींत गैर काही नाही. घरचा गहू, घरची तूरडाळ असेल त्याला पहिली परवडते. घरात धावपळीला माणूस नसेल त्याला दुसरी. कटकट होते ती एक ठरवून ऐनवेळी दुसरे गळ्यात पडते तेव्हा.

आमच्या तालुक्यातील एका कांदा उत्पादकाच्या घरची गोष्ट सांगतो. मुलीचे लग्न वैशाखात. कार्यालय कार्तिकातच ठरवले, पहिल्या तऱ्हेने. घरचे सहा पोती गहू साफ करून ठेवले, तुरीची डाळ भरडून आणली, आचाऱ्याला सुपारी दिली. लग्नाला बारा दिवस उरले असताना कार्यालयातून निरोप आला की आता स्वयंपाकघर ठेकेदाराला दिले आहे, बाहेरचा आचारी चालणार नाही, ताटाप्रमाणे घ्या, कमीत कमी सहाशे ताटे. पत्रिका वाटून झालेल्या. तालुक्यात त्या मुहूर्ताला दुसरे एक कार्यालय मोकळे नाही. घरधन्याने हिशेब केला तेव्हा जवळजवळ दीड लाखाचा जादा बोजा निघाला, आणि कांद्याला त्या आठवड्यात बाजार कसा होता हे तुम्हाला सांगायला नको. रात्री घरात जेवण झाले नाही. कोणी म्हणाले सोसायटीचे कर्ज काढू, कोणी म्हणाले दागिन्यातला एक डाग मोडू.

नवरी मुलगी बारावी शिकलेली. कार्यालय ठरवायला ती वडिलांबरोबर गेली होती आणि विसाराच्या पावतीच्या पाठीमागे तिने कारकुनाकडून दोन ओळी लिहून घेतल्या होत्या: आचारी व शिधा गिऱ्हाइकाचा, स्वयंपाकघर आदल्या दिवशी दुपारपासून. खाली सही आणि शिक्का. त्या वेळी वडील तिला "अगं, कशाला एवढे" म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी वडील, मामा आणि गावचे एक निवृत्त गुरुजी अशी तीन माणसे ती पावती घेऊन गेली. मॅनेजर म्हणाला, "तो कारकून सोडून गेला, त्याने काय लिहिले ते आम्हाला माहीत नाही." गुरुजींनी शांतपणे सांगितले, "कारकून गेला असेल, शिक्का तर तुमचाच आहे. मालकांना बोलवा." भांडण नाही, आवाज नाही. मालक आले, पावती पाहिली. ठेकेदाराशी त्यांचे काय बोलणे झाले ते देव जाणे, पण संध्याकाळी तोडगा निघाला. आचारी आणि शिधा घरचाच राहिला. वाढपी आणि भांडी घासणारे मात्र ठेकेदाराचे घ्यायचे आणि त्यांची मजुरी द्यायची. काही हजार रुपये जादा गेले, पण डाग मोडावा लागला नाही.

त्याच हंगामात दुसऱ्या एका घरी काहीच लिहिलेले नव्हते. तोंडी ठरले होते श्रीखंड-पुरी आणि पंगत. प्रत्यक्षात गुलाबजाम आले, तेही दोन-दोन मोजून, आणि पंगतीऐवजी माणसे ताटल्या हातात घेऊन रांगेत उभी. म्हाताऱ्या माणसांनी बसायचे कोठे? व्याह्यांकडचे दोघे-तिघे न जेवताच गाडीत जाऊन बसले, आणि तो टोमणा मुलीला सासरी वर्षभर ऐकावा लागला. शिवाय जेवली तीनशे-सव्वातीनशे माणसे आणि बिल साडेचारशे ताटांचे. कायद्याने तोंडी करारही करारच असतो. पण श्रीखंड ठरले होते हे सांगणार कोण? कार्यालयाचा मॅनेजर?

म्हणून विसार देण्याआधी कागद करा. छापील फॉर्म असेल तर तो घरी आणून शिकलेल्या मुलाकडून वा मुलीकडून वाचून घ्या. बारीक अक्षरात 'दर व पदार्थ बदलण्याचा अधिकार कार्यालयाकडे राहील' असे वाक्य असेल तर ते खोडायला लावा आणि खोडलेल्या जागी दोघांनीही सही करा. खोडत नसतील तर दुसरे कार्यालय बघा, अजून वेळ आहे. कागदावर तारीख, जागा कधीपासून कधीपर्यंत, आचारी कोणाचा, पदार्थांची नावे, पंगत की रांगेचे जेवण, ताटाचा दर, त्यात जीएसटी धरला आहे की वेगळा, कमीत कमी ताटे किती आणि ताटे मोजणार कोण, हे सगळे आले पाहिजे. 'एक गोड पदार्थ' असे लिहू नका. श्रीखंड तर श्रीखंड लिहा, आणि ते एकदा की हवे तेवढे, तेही लिहा. २०२० मध्ये लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आली, एप्रिल २०२१ मध्ये आपल्या राज्यात ती पंचवीसवर आली, आणि कितीतरी घरांचा विसार अडकून पडला. तेव्हा सरकारी बंदी आली किंवा घरात काही कमीजास्त झाले तर विसारातले किती परत मिळणार, ही ओळही हवी.

भगिनींनो, पदार्थांचा हिशेब तुमच्याइतका कोणाला कळत नाही, तेव्हा बोलणीच्या वेळी घरातील एक जाणती बाई बरोबर असावीच. पुरुष मंडळी खुर्च्या, पंखे आणि स्टेज बघून खूश होतात. आमच्याकडचे जुने आचारी शंभर पानांना दहा किलो तांदूळ, वरणाला चार किलो तूरडाळ, पुऱ्यांना दहा-बारा किलो कणीक, बटाट्याच्या भाजीला बारा किलो बटाटा आणि बारा ते पंधरा किलो श्रीखंड असा ढोबळ अंदाज धरतात. शेतात राबणारी माणसे असतील तर भात आणि पुरी थोडी वाढवावी लागते. हा अंदाज मनात असला की ताटाचा दर वाजवी आहे का ते घरबसल्या काढता येते. जिन्नसाचा बाजारभाव, त्यावर इंधन, मजुरी आणि ठेकेदाराचा नफा. नफा त्याने घ्यावा, त्याचाही तो धंदा आहे. पण श्रीखंडाच्या दरात गुलाबजाम वाढले तर मधला फरक कोणाच्या खिशात गेला, हे तुम्हाला बोट ठेवून दाखवता येईल.

एवढे करूनही बदलाचा निरोप आलाच, तर फोनवर हो म्हणू नका आणि भांडूही नका. "काय बदल आहे ते लिहून द्या" एवढेच म्हणा. पुष्कळदा इथेच माणूस नरम पडतो, कारण लिहून देणे त्याला अडचणीचे असते. लिहून देत नसेल तर तुम्ही लिहा: अमुक तारखेला असे ठरले होते, आज तुम्ही असे सांगता, आम्हाला ते मान्य नाही, ठरल्याप्रमाणे करावे. हे पत्र हातोहात देऊन पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. व्हॉट्सॲपवर निरोप आला असेल तर पुसू नका, उत्तरही तिथेच लिहा. झालेला करार बदलायचा तर दोन्ही बाजूंची संमती लागते. १८७२ च्या करार कायद्यापासूनचा हा नियम आहे. म्हणून नव्या कागदावर सही करायला सांगतील ती घाईने करू नका. तुम्ही सही केलीत की नवा करार झाला आणि जुना गेला.

राहिलेली सगळी रक्कमही लग्नाआधी मोजून टाकू नका. काही भाग जेवण उरकल्यावर, असे पहिल्याच कागदात ठरवा. पैसे चेकने किंवा मोबाईलवरून द्या म्हणजे खुणा राहतात. मुहूर्त तोंडावर आहे, दुसरी सोय नाही आणि वाढीव पैसे भरल्याशिवाय स्वयंपाकघराचे कुलूप निघत नाही, अशी वेळ आली तर पैसे भरा, लग्न थांबवू नका. मात्र पावतीवर 'हरकत राखून जादा रक्कम भरली' असे लिहा. त्यांनी लिहू दिले नाही तर त्याच दिवशी तसा निरोप त्यांना पाठवा. पोलिसांत धाव घेण्याची अनेकांना घाई असते. पण ठरल्याप्रमाणे जेवण दिले नाही हा बहुधा दिवाणी मामला ठरतो, आणि लग्नघरच्या माणसाचा दिवस ठाण्याच्या बाकावर जातो.

दाद मागायची जागा म्हणजे जिल्हा ग्राहक आयोग. आम्ही कृषी खात्याची माणसे तुम्हाला सांगून सांगून थकतो की बियाण्याची पिशवी, तिचे लेबल आणि पावती पीक निघेपर्यंत जपा. ते याचसाठी. २०१२ साली नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सदोष बियाण्याबद्दल शेतकऱ्याला ग्राहक म्हणून दाद मागता येते हे मान्य केले. कार्यालयाचे जेवण ही पैसे देऊन घेतलेली सेवाच आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्यात एक मोठी सोय झाली: कार्यालय दुसऱ्या जिल्ह्यात असले तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील दिलाच पाहिजे असेही नाही. मुदत दोन वर्षांची, पण दोन वर्षे थांबू नका, साक्षीदार विसरतात. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहा, कधी कधी तेवढ्यावरच समेट होतो. निकालाला मात्र वेळ लागतो, आणि पाचशे रुपयांच्या फरकासाठी हेलपाटे घालू नयेत असे माझे मत आहे. दीड लाखाचा बोजा असेल तर जरूर घालावेत.

लग्नाच्या दिवशी घरातला एक धीराचा माणूस, शक्यतो ज्याला वरातीत नाचायचे नाही असा, फक्त स्वयंपाकघरासाठी नेमा. सकाळी पदार्थ तयार होताना त्याने एक फेरी मारावी; ठरल्यातले काही दिसत नसेल तर तेव्हाच विचारावे, पंगत बसल्यावर विचारून उपयोग नाही. न सांगता बदललेल्या पदार्थांचे फोटो काढून ठेवावेत. ताटे किंवा पत्रावळी सुरुवातीला ठेकेदाराच्या माणसासमोर मोजाव्यात, शेवटी उरलेल्या मोजाव्यात, आणि आकडा एका चिठ्ठीवर लिहून दोघांनी सही करावी. दोन मिनिटांचे काम आहे. उरलेले अन्न कोणाचे हेही आधीच बोलून ठेवा. शिधा आपला असेल तर उरलेला भात-भाजीही आपली, आणि ती उन्हात खराब होण्याआधी कोणाच्या तरी पोटात गेली पाहिजे.

मुलीची पाठवणी झाली की सगळ्यांची मने जड झालेली असतात आणि अनामत परत घ्यायची राहून जाते. त्या धीराच्या माणसालाच थांबवा. भांडी मोजून द्यावीत, विजेच्या मीटरचा आकडा सकाळी लिहून ठेवला असेल त्याच्याशी ताडून पाहावा, फुटले-तुटले असेल त्याचे पैसे तिथेच वळते करून बाकी अनामत आणि तिची पावती घेऊनच निघावे. दुसऱ्या दिवशी गेलात तर मॅनेजर भेटत नाही.