घाटाच्या दोन्ही अंगांना पसरलेला आपला मतदारसंघ

काळेवाडीच्या पुलावर उभे राहिले की पवनेच्या एका काठाला पिंपरी आणि दुसऱ्या काठाला आपण. पूल ओलांडायला पाच मिनिटे पुरतात. पण विधानसभेला पलीकडचा माणूस पिंपरी या राखीव मतदारसंघात मत देतो, तर आपण चिंचवड या सर्वसाधारण मतदारसंघात. सकाळी कंपनीच्या बसने चाकणला जाणारा आपला कामगार दिवसभर शिरूर लोकसभा मतदारसंघात राबतो आणि मत मात्र मावळमध्ये देतो.

मावळ लोकसभा मतदारसंघ 2008 च्या पुनर्रचनेत तयार झाला. घाटावर मावळ, चिंचवड, पिंपरी. घाटाखाली पनवेल, कर्जत, उरण. इकडे कारखाने आणि भाताची खाचरे, तर तिकडे न्हावाशेवा बंदर, आगरी-कोळी गावे आणि आदिवासी वाड्या. मध्ये खंडाळ्याचा घाट. दोन्हीकडचे प्रश्न वेगळे, खासदार मात्र एकच.

आजवरचे दोन्ही खासदार घाटावरचे. 2009 मध्ये गजानन बाबर. 2014, 2019 व 2024 मध्ये श्रीरंग बारणे. 2019 मध्ये बारणे यांनी पार्थ पवार यांचा 2 लाख 15 हजारांहून अधिक मतांनी पराभव केला. त्या वेळी वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला सुमारे 76 हजार मते पडली. 2024 मध्ये शिवसेनेचे दोन गट समोरासमोर आले. बारणे थेरगावचे, संजोग वाघेरे पिंपरीचे. म्हणजे पवनेच्या दोन काठांचीच लढत! फरक 96 हजार 615 वर आला. कर्जत व उरणने वाघेरेंना आघाडी दिली. बारणेंना सर्वांत मोठी आघाडी मिळाली ती आपल्या चिंचवडमध्ये.

आता जरा हिशेब करू. 2024 मध्ये मतदार पंचवीस लाखांहून अधिक होते आणि मतदान झाले सुमारे 55 टक्के. म्हणजे घरी राहिलेले अकरा लाखांवर. जयपराजयाच्या फरकाच्या अकरा पटींहून जास्त!

हे सगळेच आळशी होते असे नाही. 13 मे 2024 रोजी आमच्या गल्लीतील एक ताई धुणीभांड्याची कामे आटोपून केंद्रावर गेल्या. यादीत नाव नाही. तीन वर्षांत दोनदा खोली बदललेली. नाव जुन्याच पत्त्यावर. दोन तास फिरून त्या डोळे पुसत परतल्या. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांचे मत असेच गळते.

म्हणून घरोघरी एक काम करा. खोली बदलली की फॉर्म 8 भरा. मुलाला-मुलीला अठरा पूर्ण झाली की फॉर्म 6 भरा. 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै व 1 ऑक्टोबर अशा आता वर्षातून चार पात्रता तारखा आहेत. सुनेचे नाव सासरच्या पत्त्यावर आले का, तेही पाहा.

1928 मध्ये बाबासाहेबांनी सायमन कमिशनपुढे प्रौढ मतदानाची मागणी केली, तेव्हा कष्टकऱ्याला मत नव्हते. आज ते आहे. मत कोणाला द्यायचे ते ज्याचे त्याने ठरवावे. पण यादीत नावच नसेल तर ठरवणार काय?