धुळं जळगावपासून लांब चाललंय का?

जळगावची एसटी पाळधी, एरंडोल, पारोळा करत धुळ्याला पोचते. अंतर साधारण ९० किलोमीटर. आता विश्व प्रसरण पावतंय हे तर तुम्ही कुठेतरी वाचलंच असेल. मग हे ९० किलोमीटरही दरवर्षी थोडे थोडे वाढत असतील का? आणि तिकीट? हसू नका, प्रश्न चांगला आहे. त्याचं उत्तर गणित करून काढता येतं. पण त्याआधी जरा स्वयंपाकघरात जाऊन येऊ.

आखाजीला मांडे होतात ना घरी? त्या दिवशी मांडे करणाऱ्या काकूंच्या जवळ बसा. तेल लावून तिंबलेल्या मऊ कणकेत पुरण भरतात, उंडा हातावर घेतात, आणि मग तो या हातावरून त्या हातावर झुलत झुलत पार कोपरापर्यंत पसरतो. बाजूला चुलीवर पालथं खापर तापत असतं. काकूंची कळी खुललेली असेल तर उंड्यावर एका ओळीत चार तीळ चिकटवू द्या म्हणावं, एकेका बोटाच्या अंतरावर. (ओरडा बसला तर माझं नाव सांगू नका.)

मांडा दुप्पट पसरला की काय होतं? पहिल्या तिळापासून दुसरा १ बोटावर होता, तो २ बोटांवर गेला. तिसरा २ वर होता, तो ४ वर. चौथा ३ वर होता, तो थेट ६ वर! वेळ तिघांना सारखाच मिळाला, पण जवळचा तीळ १ बोट सरकला आणि लांबचा ३ बोटं. जो जितका लांब, तो तितका वेगात. गंमत म्हणजे एकही तीळ कणकेवरून चालत गेलेला नाही. सगळे जिथल्या तिथे चिकटलेले, मधली कणीकच ताणली गेली. आणि तीळ? ते होते तेवढेच राहिले. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

विश्वात तिळांच्या जागी दीर्घिका आहेत. एकेका दीर्घिकेत अब्जावधी तारे. त्या आपल्यापासून लांब जातायत आणि जास्त लांबची जास्त वेगाने जातेय, हे एडविन हबल यांनी १९२९ मध्ये मांडलं. बेल्जियमच्या लमेत्र यांनी दोन वर्षं आधीच गणिताने तेच सांगितलं होतं, पण तेव्हा फारसं कुणी ऐकलं नाही. मला स्वतःला या गोष्टीत सगळ्यात आवडतो तो हबलचा जोडीदार मिल्टन ह्यूमसन. याने चौदाव्या वर्षी शाळा सोडली. कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवर वेधशाळा उभी राहत होती, तिचं सामान खेचरांवर लादून हा डोंगर चढायचा. मग तिथेच झाडलोट करायला लागला, मग रात्री दुर्बिणीवर मदत, आणि पुढे तर अंधूक दीर्घिकांच्या प्रकाशाचे फोटो घेण्यात त्याचा हात धरणारं कुणी उरलं नाही. एका फोटोसाठी कधी कधी कित्येक रात्री दुर्बीण त्याच दीर्घिकेवर रोखून धरावी लागे, तीही कडाक्याच्या थंडीत. दूरच्या दीर्घिका किती वेगात पळतायत ते ह्यूमसनच्या या फोटोंवरून कळलं.

फोटोवरून वेग कसा कळतो? प्रकाश म्हणजे लाटा. मांड्यावर बोटाने नागमोडी रेघ ओढा आणि मांडा ताणा. रेघेची वळणं एकमेकांपासून दूर जातील. प्रकाश आपल्याकडे येत असताना वाटेतली जागा ताणली जाते, तशा त्याच्या लाटाही लांबतात आणि प्रकाश तांबड्या रंगाकडे सरकतो. जितका ताण जास्त, तितकी दीर्घिका लांब, आणि तितकाच तिचा वेगही जास्त.

याचं एक झकास उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी नावाची रेडिओ दुर्बीण आहे. एक नाही, ३० तबकड्या, प्रत्येक ४५ मीटर रुंद. हायड्रोजन वायूतून २१ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लाटा निघतात. खूप खूप दूरच्या एका दीर्घिकेतल्या हायड्रोजनची अशी लाट या दुर्बिणीने पकडल्याचं २०२३ च्या जानेवारीत जाहीर झालं. ती निघाली २१ सेंटिमीटरची, पोचली ४८ सेंटिमीटरची होऊन! तुमच्या ३० सेंटिमीटरच्या पट्टीवर २१ आरामात मावतं, ४८ मोजायला पट्टी दोनदा ठेवावी लागते. वाटेत तिला सुमारे ८८० कोटी वर्षं लागली, आणि तेवढ्यात विश्व सव्वादोन पटीहून थोडं जास्त ताणलं गेलं होतं.

मग या ताणण्याचा मध्य कुठे? इथे मात्र मांड्याची उपमा फसते. मांड्याला मध्य असतो, काठ असतो. विश्वाला काठ असल्याचं कुणाला सापडलेलं नाही. कुठल्याही दीर्घिकेत जाऊन बसा, बाकीच्या आपल्यापासूनच पळतायत असं वाटेल. म्हणून मध्य सगळीकडे, किंवा कुठेच नाही.

डोकं गरगरलं ना? चाळीसगावजवळच्या पाटणला चला. तिथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. १२०७ मधला तसा शिलालेखच आहे पाटणदेवीच्या परिसरात. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, सिद्धान्तशिरोमणी लिहिला. पृथ्वीला खालून आधार नाही तर ती पडत का नाही, असं लोक विचारत. भास्कराचार्यांनी उलट विचारलं : आकाश चहूकडे सारखंच आहे, मग ती पडणार कुठे? प्रसरणाची त्यांना कल्पना नव्हती, पण चहूबाजूंनी सारख्या आकाशात ‘खाली’ आणि ‘मध्य’ शोधायचा नसतो, हे आठशे वर्षांपूर्वी खानदेशातल्या पाटणच्या मठात शिकवलं जात असणार.

आता धुळ्याचा हिशेब. सुमारे ३३ लाख प्रकाशवर्षं दूरची जागा दर सेकंदाला साधारण ७० किलोमीटर वेगाने आपल्यापासून लांब जाते. त्या वेगाने धुळ्याहून जळगावला सव्वा सेकंदात पोचाल. पण हे त्या अफाट अंतरासाठी. ९० किलोमीटरला याच दराने वर्षाला किती भर पडेल? एका मिलिमीटरचे दीडशे भाग करा, त्यातला एक. आणि तेवढीही पडत नाही! तीळ ताणला गेला नव्हता, आठवतं? पृथ्वी तिच्या खडकांनी आणि गुरुत्वाकर्षणाने घट्ट बांधलेली आहे. सूर्यमाला तशीच, आपली आकाशगंगाही तशीच. ताणली जाते ती दीर्घिकांच्या समूहांमधली मोकळी जागा. तिकीट वाढलंच तर दोष डिझेलला द्या.

शेजारची देवयानी दीर्घिका तर उलट आपल्याकडेच येतेय, सेकंदाला सुमारे ११० किलोमीटर वेगाने. गुरुत्वाकर्षणाची ओढ इथे प्रसरणाला भारी पडते. देवयानी २५ लाख प्रकाशवर्षं लांब आहे, त्यामुळे इतक्यात घाबरायचं कारण नाही. मार्गशीर्षातल्या अमावस्येला गावाच्या दिव्यांपासून दूर जा, शर्मिष्ठा तारकासमूहातल्या पाच ताऱ्यांपासून थोडं पलीकडे शोधा, एक पुसट ठिपका दिसेल. तीच ती.

मांडा उलटा गोळा करत नेला तर सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी सगळं एका अतिशय दाट, तापलेल्या अवस्थेत होतं, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. कोल्हापूरचे जयंत नारळीकर यांना हे पटत नसे. विश्व पसरतंय हे त्यांना मान्य होतं, पण त्याला सुरुवात असलीच पाहिजे हे नव्हतं, आणि आयुष्यभर ते त्यावर गणितं करत राहिले. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले. मुलं सही मागायला आली की ते म्हणायचे, सही नाही, पोस्टकार्डावर प्रश्न पाठव, उत्तराखाली सही मिळेल. तेव्हा प्रश्न साठवून ठेवू नका. पोस्टकार्ड घ्या, आणि सगळ्यात अवघड वाटतो तो प्रश्न लिहून आमच्याकडे धाडा.