कालवंचना: अखेरचा हॅरी पॉटर आणि तापीकाठचा चांगदेव

जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटर मालिकेचा सातवा आणि अखेरचा खंड 21 जुलै 2007 रोजी प्रसिद्ध झाला आणि पहिल्या 24 तासांत ब्रिटन व अमेरिका मिळून त्याच्या सुमारे 1 कोटी 10 लाख प्रती खपल्या. परंतु या खंडाचे वेगळेपण खपात नसून, सुरुवातीला शाळा, खेळ आणि खोड्या यांत रमलेली जादू येथे मरण कसे स्वीकारावे या एकाच प्रश्नापाशी येऊन ठेपते, यात आहे. बोदवडच्या वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये, कारण बोदवडच्या उत्तरेस, मुक्ताईनगर तालुक्यात, तापी-पूर्णेच्या संगमावर, मरणाला चकवत राहिलेल्या योगी चांगदेवाचे मंदिर आहे.

रोलिंग यांचा खलनायक व्होल्डेमॉर्ट खून करून आपल्या आत्म्याचे तुकडे पाडतो आणि ते अंगठी, पदक, चषक अशा वस्तूंत दडवतो. अशा वस्तूला कथेत ‘हॉरक्रक्स’ म्हटले आहे आणि ती शाबूत असेपर्यंत त्याला मरण नाही. देहाबाहेर ठेवलेला प्राण हे लोककथांतले जुने कथाबीज, म्हणजे कथाकथांतून फिरत राहणारी मूळ कल्पना आहे. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांची कन्या मेरी फ्रिअर हिने अ‍ॅना लिबेराता डिसूझा या आयेकडून ऐकलेल्या दख्खनी कथा 1868 साली ‘ओल्ड डेक्कन डेज’ या नावाने छापल्या, त्यातल्या पंचकिन नावाच्या जादूगाराचा जीव पोपटात असून, पोपटाचा पंख उपटताच जादूगाराचा हात गळून पडतो.

चांगदेवाचा मार्ग याहून सूक्ष्म होता. मरणाची घटका जवळ आली की प्राण ब्रह्मरंध्रात, म्हणजे टाळूच्या ठिकाणी, नेऊन ती टळेपर्यंत समाधीत राहायचे, या योगक्रियेला कालवंचना म्हणतात आणि तिच्या बळावर तो 1400 वर्षे जगला, अशी आख्यायिका आहे. (चांगदेव नावाचे पुरुष एकाहून अधिक होऊन गेले असावेत, असे अभ्यासक मानतात, त्याने आख्यायिकेला बाध येत नाही.) ज्ञानेश्वरांना कोणता मायना लिहावा हे न सुचल्याने त्याने कोरेच पत्र धाडले, त्यावर इतकी वर्षे जगूनही हा कोराच राहिला, असे मुक्ताबाई म्हणाली आणि ज्ञानेश्वरांनी उत्तरादाखल 65 ओव्या लिहिल्या, त्याच ‘चांगदेव पासष्टी’ होत. पुढे त्याने मुक्ताबाईलाच गुरू केले. परंपरेने मुक्ताबाईचा काळ 1279 ते 1297 असा सांगितला जातो, म्हणजे तिला जेमतेम 18 वर्षांचे आयुष्य मिळाले. अखेरच्या लढाईतला हॅरीही 17 वर्षांचाच आहे.

हॅरी स्वतःहून मरणाला सामोरा जातो, तो अरण्यातला प्रसंग मालिकेतला सर्वांत समर्थ होय. त्यानंतरचे व्होल्डेमॉर्टशी होणारे द्वंद्व मात्र जादूच्या छडीचा खरा मालक कोण या सातबाऱ्याच्या वादासारख्या गुंत्यात अडकते. तरीही त्या द्वंद्वात हॅरी शत्रूला पश्चात्तापाची संधी देतो, हे बारकाईने पाहण्याजोगे आहे, कारण फाटलेला आत्मा सांधण्याचा तेवढाच उपाय कथेत सांगितलेला आहे. व्होल्डेमॉर्ट ती नाकारतो आणि स्वतःच्याच उलटलेल्या मंत्राने मरतो. वारकरी कथेतला अमर जादूगार हरत नाही आणि मारलाही जात नाही. तो एका मुलीचा शिष्य होतो आणि चुकवत आणलेले मरण अखेर आपखुशीने पत्करतो. गोदाकाठी पुणतांब्याला त्याची समाधी आहे.