सूड संपला, परतणं बाकी होतं

ट्रॉयच्या युद्धात दहा वर्षं आणि समुद्रावर भटकण्यात दहा. वीस वर्षांनी ओडिसियस इथाकाला परततो, तेव्हा त्याची पत्नी पेनेलोपी हिला मागणी घालणारे 108 जण त्याच्या घरात ठाण मांडून बसलेले असतात. मुलगा टेलेमॅकस आणि दोन इमानी गुराखी यांच्या साथीने तो त्यांचा निकाल लावतो. अनेकांच्या आठवणीत गोष्ट इथेच संपते. पण होमरच्या ‘ओडिसी’चे सर्ग 24 आहेत आणि ही कत्तल बाविसाव्या सर्गातली. तिच्या पुढचे दोन सर्ग माणसं पुन्हा जोडण्याचे आहेत.

पेनेलोपी लगेच विश्वास ठेवत नाही. ‘पलंग खोलीबाहेर काढा,’ असं ती दासीला सांगते, तसा ओडिसियस भडकतो. मुळं धरून उभ्या असलेल्या ऑलिव्हचा बुंधा तासून त्याने स्वतः त्या पलंगाचा खांब केलेला असतो. तो हलेलच कसा? हे गुपित त्याच्या तोंडून ऐकलं, की मगच ती त्याच्या गळ्यात पडते.

म्हातारे वडील लाएर्टीस मळ्यात भेटतात. अंगात ठिगळांचा अंगरखा, हातात खुरपण्याचं काम. ओडिसियस त्यांना आधी रानडुकराने केलेल्या जखमेचा व्रण दाखवतो, मग लहानपणी त्यांनी त्याच्या नावे केलेली झाडं मोजून दाखवतो: नासपतीची 13, सफरचंदाची 10, अंजिराची 40 आणि द्राक्षवेलींच्या 50 रांगा.

पण मेलेल्यांनाही आईबाप होते. मारल्या गेलेल्या अँटिनसचा बाप युपायथीस गावकऱ्यांना घेऊन चालून येतो आणि लाएर्टीसच्या भाल्याने मरतो. देवी अथीना लढाई थांबवायला सांगते, तरी ओडिसियस झेपावतोच. झ्यूसची वीज समोर कोसळते, तेव्हा कुठे तो आवरतो. मग अथीना दोन्ही बाजूंना शपथेने बांधते. हा समेट देवांनी वरून लादलेला आहे. मुलगे गमावलेल्यांनी ते दुःख विसरावं, ही झ्यूसची इच्छा. त्यांना कुणी विचारलेलं नाही.

अ‍ॅरिस्टार्कससारख्या अलेक्झांड्रियातल्या प्राचीन पंडितांनी तेविसाव्या सर्गातल्या पती-पत्नीच्या मीलनापाशीच काव्याची सांगता मानली. मला ते पटत नाही. ज्यांची मुलं आपण मारली, त्यांच्याच शेजारी उरलेलं आयुष्य काढायचं असेल, तर बायकोने ओळखणं पुरेसं नाही. हा अवघड प्रश्न टाळत नाही, म्हणून चोविसावा सर्गच ‘ओडिसी’चा खरा शेवट आहे.