बहुमताचं गणित (भाग 7) : 122 आमदारांचं सरकार

19 ऑक्टोबर 2014. विधानसभेची मतमोजणी सुरू होती. भंडारा, तुमसर आणि साकोली, जिल्ह्यातल्या तिन्ही जागा भाजपने घेतल्या: रामचंद्र अवसरे, चरण वाघमारे, बाळा काशीवार. राज्यात मात्र पक्षाची गाडी 122वर थांबली. 288च्या सभागृहात हवे होते 145, आणि शिवसेनेशी असलेली युती निवडणुकीआधीच तुटलेली. सगळे निकाल हाती येण्याआधीच राष्ट्रवादीच्या वतीने प्रफुल्ल पटेल यांनी भाजपला बाहेरून पाठिंबा जाहीर केला. त्याच वर्षी मे महिन्यात भंडारा-गोंदियाच्या मतदारांनी पटेलांना लोकसभेत जाऊ दिलं नव्हतं. भाजपचे नाना पटोले निवडून आले होते. ज्यांना आपण पाडलं, त्यांच्याच शब्दावर आपण निवडलेल्या पक्षाचं सरकार उभं राहणार होतं.

हा पाठिंबा कसा काम करतो, ते नीट पाहायला हवं. मुखेडचे आमदार गोविंद राठोड यांचं निकालानंतर काही दिवसांतच निधन झालं. भाजप 121वर आला, सभागृह 287वर. राष्ट्रवादीचे 41 आमदार तटस्थ राहिले, तर मोजायची मतं उरतात 246, आणि जिंकायला 124 पुरतात. म्हणजे बाजूने एकही मत न देता राष्ट्रवादीने बहुमताची रेघ 20 जागांनी खाली आणली असती. उरलेली फट राष्ट्रीय समाज पक्षाचा (रासप) एक आमदार आणि काही अपक्ष बुजवू शकत होते.

31 ऑक्टोबरला वानखेडे स्टेडियमवर देवेंद्र फडणवीसांसह दहा जणांनी शपथ घेतली. एकनाथ खडसे, सुधीर मुनगंटीवार, विनोद तावडे, पंकजा मुंडे, प्रकाश मेहता, चंद्रकांत पाटील, विष्णू सवरा हे कॅबिनेट मंत्री. दिलीप कांबळे आणि विद्या ठाकूर राज्यमंत्री. घटनेप्रमाणे महाराष्ट्रात 43 मंत्री होऊ शकतात. ज्याला बहुमत जमवायचं आहे, तो सगळ्या खुर्च्या पहिल्याच दिवशी भरत नाही. न वाटलेली खाती मुख्यमंत्र्यांकडे राहतात आणि वाटाघाटीची जागा शाबूत राहते. विदर्भाला मुख्यमंत्रिपद आणि अर्थखातं मिळालं. भंडारा जिल्ह्याला काहीच नाही.

12 नोव्हेंबरला विश्वासदर्शक ठराव आला. हरिभाऊ बागडे त्याच दिवशी अध्यक्ष झाले होते. ठराव आवाजी मतदानाने मंजूर झाल्याचं त्यांनी जाहीर केलं. शिवसेना आणि काँग्रेसने मतविभाजन मागितलं, गोंधळ झाला, पण मतं मोजली गेली नाहीत. मला हे तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. सरकार अल्पमतातलं असताना कोण बाजूने, कोण विरोधात आणि कोण गप्प, हे मतदाराला नावानिशी कळायलाच हवं. राष्ट्रवादीचा एकेक आमदार त्या दिवशी कुठे उभा होता, याची नोंदच नाही.

दोन वर्षांनी स्पेनमध्ये जवळपास हाच पेच पडला. तिथल्या उजव्या पीपल्स पार्टीचे मारिआनो राहोय यांच्याकडे 350पैकी 137 जागा होत्या. दोन निवडणुका आणि दहा महिने काळजीवाहू सरकारवर गेले. स्पेनमध्ये आधी संसदेचा विश्वास, मग शपथ. पहिल्या फेरीत 176 मतं लागतात. ती मिळाली नाहीत, तर 48 तासांनी विरोधापेक्षा बाजूची मतं जास्त असली की पुरे. 29 ऑक्टोबर 2016 रोजी एकेका खासदाराचं नाव पुकारलं गेलं आणि प्रत्येकाने मोठ्याने उत्तर दिलं. बाजूने 170, विरोधात 111, तटस्थ 68. हे तटस्थ सगळे समाजवादी पक्षाचे होते. त्याच पक्षाच्या 15 जणांनी पक्षादेश मोडून ‘नाही’ म्हटलं. आणि काही आठवड्यांपूर्वीपर्यंत पक्षाचे नेते असलेल्या पेद्रो सांचेस यांनी मतदानाची वेळ येण्याआधीच खासदारकी सोडली. प्रत्येकाचं मत तिथे उघड झालं.

राहोय यांनी 13 मंत्री नेमले. सोराया सायेन्स दे सांतामारिया उपपंतप्रधान राहिल्या, क्रिस्तोबाल मोन्तोरो अर्थसंकल्प सांभाळत राहिले, लुईस दे गिंदोस आर्थिक व्यवहार. 32 मतं देणाऱ्या सिउदादानोस पक्षाचा एकही मंत्री नव्हता. मतं होती, पण सत्तेत वाटा नव्हता. 1 जून 2018 रोजी 180 विरुद्ध 169 मतांनी ते सरकार पडलं आणि सांचेस पंतप्रधान झाले.

फडणवीसांनी वाटा दिला. आदल्या महिन्यात विरोधी बाकांवर बसलेली शिवसेना 5 डिसेंबर 2014 रोजी दहा मंत्र्यांसह सरकारात आली. विरोधी पक्षनेते एकनाथ शिंदे स्वतः मंत्री झाले. सरकारने पाच वर्षं काढली. शेजारच्या अर्जुनी-मोरगावचे राजकुमार बडोले सामाजिक न्यायमंत्री झाले. तिन्ही आमदार भाजपचे असलेल्या भंडाऱ्याला मंत्री मिळाला नाही, पालकमंत्री मिळाले ते शिवसेनेचे डॉ. दीपक सावंत. पालकमंत्र्याच्या हातात जिल्हा नियोजनाचा किती पैसा असतो आणि तो कसा वाटला जातो, ते पुढच्या आठवड्यात.