बहाव्याची साप्ताहिक हजेरी

केरळात विषू सण १४ एप्रिलच्या सुमारास येतो आणि त्या दिवशी देवापुढे बहाव्याची फुले लागतातच. अलीकडे मात्र बहावा कधी कधी फेब्रुवारीतच फुललेला दिसतो. हा हवामानबदलाचा परिणाम की एखाद्या झाडाचा लहरीपणा? हे ठरवायला अनेक झाडांच्या, अनेक वर्षांच्या नोंदी हव्यात. बहर आणि परागीभवन करणाऱ्या कीटकांचा मेळ चुकला तर फळधारणाही घटू शकते.

या नोंदी ठेवण्यात शाळकरी मुलांचा मोठा वाटा आहे. २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘सीझनवॉच’ उपक्रमात विद्यार्थी एक झाड निवडतात. दर आठवड्याला त्याच झाडाची पाने, फुले, फळे पाहून ‘नाहीत’, ‘थोडी’ की ‘भरपूर’ एवढेच लिहितात. केरळातील शाळा यात आघाडीवर आहेत.

‘फुले नाहीत’ ही नोंदही तितकीच मोलाची. बहर नेमका कधी सुरू झाला, ते तिच्यामुळेच कळते. न पाहता अंदाजाने भरलेला आठवडा मात्र निष्कर्ष बिघडवू शकतो. ऋतुचक्र पुस्तकातूनही पाठ होते. पुरावा कसा गोळा करायचा, हे झाडाखालीच शिकता येते. शाळेच्या आवारात आंबा किंवा चिंच असेल, तर सुरुवातीला वही-पेन्सिल पुरते.